खडीवर जाण्याआधी

मनात एक सायकल उभी करा. हँडल शर्यतीच्या सायकलसारखे खाली वळलेले, टायर मात्र रुंद आणि खरबरीत. पुढे जपानच्या डोंगरातला रिंदो, लाकूड खाली आणण्यासाठी रानातून काढलेला वनरस्ता. खडी सैल आहे. बसायची घाई नको. आधी तिच्याकडे नुसते पाहू.

नजर मागच्या चाकापाशी न्या. तिथे चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर सरकवणारा डिरेलर लोंबतो आहे. खडीवर चाक उसळले की त्याचा खालचा दांडा पुढे झोका घेतो, चेन सैल पडते, फ्रेमवर आपटते, कधी दातांवरून उतरतेही. सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीने 2019 मध्ये खास अशा रस्त्यांसाठी जीआरएक्स हा संच आणला. त्याच्या डिरेलरमध्ये, आधी डोंगरी सायकलींवर आलेला, एक क्लच आहे. चेन सैल पडू लागली की तो दांड्याला अडवतो, ताण द्यायच्या दिशेने मोकळे सोडतो. आणि चाक काढताना ही अडवणूक त्रासाची होऊ नये म्हणून एक छोटी खिटी फिरवून तो बंदही करता येतो. इथे जरा थांबा. कुणीतरी वाटेवरचा तो खडखडाट लक्ष देऊन ऐकला, आणि पंक्चर काढायला वाकलेल्या माणसाचे हातही डोळ्यांपुढे आणले. मला रचना इथे दिसते. रंगाकडे मी नंतर पाहतो.

हे लक्ष देणे कुठून आले असेल? ओसाकाजवळचे साकाई हे शहर सुऱ्या घडवणाऱ्या लोहारांचे. तिथेच 1921 मध्ये शोझाबुरो शिमानो यांनी कारखाना काढला, आणि पहिला माल निवडला तो फ्रीव्हील. चढावर पूर्ण जोर लावलेला असताना फ्रीव्हीलचे कुत्रे, म्हणजे आतल्या दातांत अडकणारे खटके, सटकले तर पाय हवेत जातो. असा भाग करणाऱ्याला चूक लपवता येत नाही. ओसाका भागातल्याच माएदा कंपनीने 1964 मध्ये तिरक्या चौकटीचा डिरेलर काढला. चेनचे छोटे चाक दातांपासून जवळपास सारख्याच अंतरावर ठेवणारी ती रचना पेटंट संपल्यावर इतरांनीही उचलली.

आता लक्ष चाकाच्या मध्यावर आणा. शिमानोच्या बऱ्याच हबमध्ये अजूनही कटोरी, सुटे छर्रे आणि कोन अशी जुनी मांडणी असते. पातळ पान्यांनी ती उघडायची, काळे पडलेले ग्रीस पुसायचे, नवे भरायचे, कोन पुन्हा बसवायचा. थोडा जास्त आवळला तर छर्रे रगडतात. सैल राहिला तर चाक डुलते. मधली जागा बोटांना हळूहळू कळते. कटोरी मात्र एकदा खड्डे पडून झिजली की सहसा हबच बदलावा लागतो, म्हणून इथे हयगय चालत नाही. तरीही मी या जुन्या मांडणीच्याच बाजूने आहे. दुकानापासून लांब, रानात, जे उघडून पाहता येते त्याच्यावर माझा विश्वास बसतो.

याच विश्वासाची दुसरी बाजूही मनात धरा. 2023 मध्ये शिमानोने 2012 ते 2019 या काळातले रस्त्याच्या सायकलींचे काही पोकळ क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, तपासणीसाठी मागवले. दोन भाग चिकटवून केलेले ते क्रँक जोडापाशी सुटू शकत होते. एवढ्या अनुभवी कारखान्याकडूनही हे घडते. चांगली रचना तुमचे काम कमी करते, पण बघण्याचे काम तुमच्याकडेच ठेवते.

तेव्हा पुढच्या वेळी निघण्याआधी दहा मिनिटे काढा. क्रँक पुसून त्याच्या जोडावरून बोट फिरवा. चाक दोन्ही हातांत धरून आडवे हलवून पाहा. क्लचची खिटी चालू आहे ना, ते बघा. कुठे भेग किंवा सैलपणा जाणवला, तर त्या दिवशी खडीवर जाऊ नका.