पट्टी बदलण्याची मुभा

बिग बॉस मराठीच्या पाचव्या पर्वाची अंतिम फेरी ६ ऑक्टोबर २०२४ ला झाली आणि आमच्या भागात दिवाळी आधीच आली. जिंकलेला सूरज चव्हाण बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा. आईबापाचं छत्र लहानपणीच हरपलेला, मोबाइलवर छोटे व्हिडिओ करत करत पुढे आलेला पोरगा. आमच्या वालचंदनगरच्या कॉलनीत, जंक्शनच्या चहाच्या टपऱ्यांवर, पहिल्या पाळीला निघालेल्यांच्या तोंडी दुसऱ्या दिवशी तोच विषय होता. शेजारच्या तालुक्यातलं पोर जिंकलं याचा मलाही मनापासून आनंद झाला. पण माझी नजर मात्र त्याच्याबरोबर उभ्या असलेल्या माणसावरच खिळली होती. दुसरा क्रमांक मिळाला होता अभिजीत सावंतला. दुसऱ्या दिवशी तो ४३ वर्षांचा होणार होता.

आज विशीत असलेल्यांना कदाचित कल्पना येणार नाही, पण २००५ साली या नावाची जादू काय होती हे आम्ही पाहिलं आहे. 'इंडियन आयडॉल' हा कार्यक्रम २००४ च्या ऑक्टोबरात सोनी वाहिनीवर सुरू झाला. मूळ साचा ब्रिटनचा, तिथल्या २००१ च्या 'पॉप आयडॉल'चा. अनु मलिक, सोनू निगम आणि फराह खान परीक्षक होते. गाण्याच्या स्पर्धा त्याआधीही होत्या. झीवरचा 'सा रे ग म' १९९५ पासून चालू होता आणि तिथे मोठमोठे संगीतकार आणि गायक येऊन गुण देत. नव्या कार्यक्रमात निकाल जाणकारांच्या हातून निघाला आणि लोकांच्या मोबाइलमध्ये गेला. एसएमएस पाठवा, गायक निवडा. मुंबईचा मराठी मुलगा, २३ वर्षांचा, हसरा, साधा, घरातला वाटावा असा, मार्च २००५ मध्ये देशाचा पहिला 'आयडॉल' झाला. शाळा-कॉलेजातल्या मुलींच्या वह्यांवर त्याचे फोटो चिकटवलेले असायचे. मुलं त्याच्यासारखे केस ठेवायची. आमच्या क्वार्टर्समध्ये ज्यांना हिंदी धड बोलता येत नव्हतं त्या आज्याही 'आपला सावंत' म्हणून त्याच्यासाठी नातवाकडून मत पाठवून घ्यायच्या.

त्याच वर्षी 'आपका अभिजीत सावंत' हा अल्बम आला, 'मोहब्बतें लुटाऊंगा' गल्लोगल्ली वाजलं, 'आशिक बनाया आपने' या चित्रपटासाठीही तो गायला. २००७ मध्ये 'जुनून' हा दुसरा अल्बम आला. इथपर्यंत सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. त्यापुढची यादी मात्र वाचताना मी थबकतो. २००७ च्या अखेरीस जाकार्तात 'एशियन आयडॉल', तिथे तो स्पर्धक. २००८ मध्ये 'जो जीता वही सुपरस्टार', तिथेही स्पर्धक आणि तिथे विजेता ठरला 'इंडियन आयडॉल'च्या पहिल्या पर्वात त्याच्या मागे राहिलेला राहुल वैद्य. मग 'नच बलिये', म्हणजे नृत्याची स्पर्धा. २००९ मध्ये 'लॉटरी' नावाचा चित्रपट, अभिनेता म्हणून. २०१० मध्ये ज्या 'इंडियन आयडॉल'ने त्याला घडवलं त्याच्याच पाचव्या पर्वाचं सूत्रसंचालन. आणि २०२४ मध्ये 'बिग बॉस'च्या घरात, पुन्हा स्पर्धक, पुन्हा मतांची वाट पाहणारा.

जो माणूस एकदा साऱ्या देशात पहिला आला, त्याला पुढची वीस वर्षं उमेदवारच राहावं लागलं. त्याला काम मिळालं नाही असं नाही. काम मिळालं, पैसाही मिळाला असेल. पण त्याच्यापुढे पुन्हा पुन्हा जो मंच आला तो परीक्षेचाच. गाण्यात तो कुठे पोचला, कुठे चुकला, त्याच्या आवाजात तिशीत आणि चाळिशीत काय बदल झाला, हे शांतपणे ऐकायला बसणारा श्रोता त्याच्या वाट्याला फार कमी आला. मला हा एका गायकाच्या नशिबाचा भाग वाटत नाही. आपण लोक मिळून आयडॉल कसा करतो आणि केल्यावर त्याचं काय करतो, याचा हा हिशोब आहे.

काळाचंही कारण आहेच. अलिशा चिनॉयच्या 'मेड इन इंडिया'ने १९९५ मध्ये जी हवा निर्माण केली, लकी अली, शान, युफोरिया यांनी जी पुढे नेली, ती चित्रपटाबाहेरच्या गाण्यांची बाजारपेठ २००५ पर्यंत विरत आली होती. कॅसेटी संपत होत्या, सीडीची नक्कल फुटपाथवर मिळत होती आणि एमपीथ्रीच्या एका चकतीवर शंभर-दीडशे गाणी येत होती. आयडॉल निवडण्याची यंत्रणा आली त्याच सुमारास ज्यावर आयडॉलने पोट भरावं तो धंदा बुडाला. उरला फक्त हिंदी चित्रपट, आणि तिथे आवाज हवा असतो तो पडद्यावरच्या नटाचा म्हणून. ज्याचा चेहराच लोकांना पाठ आहे अशा गायकाला दुसऱ्याच्या चेहऱ्यामागे उभं राहणं अवघड जातं. सोनू निगम, सुनिधी चौहान, श्रेया घोषाल हेही स्पर्धांच्या नाहीतर गाण्याच्या कार्यक्रमांच्या मंचावरूनच आले, पण त्यांना लोकांनी आधी गाण्यातून ओळखलं आणि चेहरा नंतर पाहिला.

आमच्या गावात राहणाऱ्याला एक गोष्ट सहज सुचते. इथल्या कारखान्यात पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्याच्या मोटारीची आवरणं तयार होतात. महिनोन्महिने पोलाद वळवायचं, जोडायचं, तपासायचं. तो टप्पा उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत जळून संपतो आणि समुद्रात पडतो. त्याचं कामच तेवढं असतं. त्यानंतर दुसरा टप्पा पेटला नाही तर पहिल्याच्या ताकदीला काही अर्थ उरत नाही. आपल्या आयडॉलना पहिला टप्पा अफाट ताकदीचा मिळतो. दुसरा कुणी बांधलेलाच नसतो.

जगात हे सगळ्यात उघडपणे कुठे घडलं असेल तर लॅटिन अमेरिकेत. पोर्तो रिकोमध्ये १९७७ साली एडगार्डो डियाझ यांनी 'मेनुडो' हा मुलांचा गट काढला आणि त्याचा नियमच असा होता की पोरगा पंधरा-सोळाचा झाला, आवाज फुटला, मिसरूड दिसायला लागलं, की तो बाहेर आणि त्याच्या जागी नवा. गट कायम तरुण राही, मुलं मात्र बदलत. त्यातून बाहेर पडलेल्या बहुतेकांची नावं आज कुणाला आठवत नाहीत. रिकी मार्टिन १९८४ मध्ये बाराव्या वर्षी त्यात आला, १९८९ मध्ये बाहेर पडला, आणि मग नाटकं, मालिका, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'ले मिझराब्ल', अशी दहा वर्षं कुठे कुठे काम करत राहिला. १९९८ चं विश्वचषकाचं गाणं आणि १९९९ चा ग्रॅमीचा मंच ही त्या दहा वर्षांची कमाई होती.

मेक्सिकोच्या लुईस मिगेलची गोष्ट मला त्याहून जवळची वाटते. १९८२ साली वयाच्या अकराव्या वर्षी त्याचा पहिला अल्बम निघाला, १९८५ मध्ये, अजून पंधराही पूर्ण नसताना, त्याला ग्रॅमी मिळालं. त्याचा आवाज पुढे फुटला, खाली आला, आणि पोरींच्या किंकाळ्यांवर उभं असलेलं सगळं कोसळायला हवं होतं. १९९१ मध्ये एकविसाव्या वर्षी त्याने 'रोमान्स' काढला. त्यात होते जुने बोलेरो, म्हणजे त्याच्या श्रोत्यांच्या आईबापांनी आणि आजीआजोबांनी ऐकलेली भावगीतं. अर्मांदो मान्सानेरोसारखा त्या गाण्यांचा जाणता संगीतकार त्याच्या पाठीशी होता. पोरसवदा चाहत्यांबरोबर त्यांची घरंही त्याची श्रोती झाली. भाषेत आधीपासून असलेला गाण्याचा साठा एका फुटलेल्या आवाजाला घर देऊ शकतो, हे त्यातून मला दिसतं.

असा साठा आपल्याकडे केवढा मोठा आहे! अभंग, नाट्यगीतं, भावगीतं, लावणी. आणि म्हणूनच झी मराठीच्या 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स'ची पाच मुलं या बाबतीत अभिजीतपेक्षा सुदैवी ठरली असं मी म्हणेन. फेब्रुवारी २००९ मध्ये महाअंतिम फेरी झाली, आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली, पण लोकांनी पाचही जणांना 'पंचरत्न' म्हणून उचलून धरलं. पुण्याची आर्या आंबेकर, अलिबागची मुग्धा वैशंपायन, रत्नागिरीकडचा प्रथमेश लघाटे, लातूरचा रोहित राऊत. कार्तिकीच्या घरात वारकरी गाणं होतं, आर्याची आई स्वतः शास्त्रीय गायिका. स्पर्धा संपली तरी गाणं शिकवणारं माणूस घरातच होतं. मुग्धा आणि प्रथमेश आज नाट्यगीतांच्या आणि अभंगांच्या मैफली करतात, त्यांना त्या गाण्यांनी मोठं होऊ दिलं. रोहितचा पिंड मात्र पॉपचा होता, आणि बघा, अभिजीतसारखाच तोही पुन्हा उमेदवार झाला. २०२० च्या फेब्रुवारीत 'इंडियन आयडॉल'च्या अकराव्या पर्वात तो उपविजेता ठरला. जुन्या घरात ज्याला जागा आहे तो पुढे जातो आणि ज्याला नवं काही गायचं आहे त्याला पुन्हा रांगेत उभं केलं जातं. ही मला आपल्या मराठी श्रोत्यांची मोठी उणीव वाटते. आपण जुनं गाणं गाणाऱ्या लहान मुलावर जीव टाकतो, पण तोच मुलगा पंचविशीत स्वतःचं नवं गाणं घेऊन आला तर तिकीट काढत नाही.

बेळगावजवळच्या सुळेभावीच्या शिवपुत्र कोमकली या मुलाचं उदाहरण इथे फार बोलकं आहे. ध्वनिमुद्रिका ऐकून मोठमोठ्या बुवांचं गाणं जसंच्या तसं गाणारा मुलगा म्हणून तो गाजला, 'कुमार गंधर्व' ही पदवी त्याला लहानपणीच मिळाली आणि दहा-अकरा वर्षांच्या वयात त्याने संगीत परिषदा दणाणून सोडल्या. आजच्या भाषेत तो त्या काळचा लिटिल चॅम्पच. पण त्यानंतर त्याला मुंबईत प्रो. बी. आर. देवधरांसारखा गुरू मिळाला. हुबेहूब गाणं हे गाणं नव्हे, हे उमगायला अकरा वर्षांची तालीम लागली. पुढे क्षयाने आवाज जवळजवळ हिरावला, देवासला पडून राहावं लागलं आणि १९५० च्या दशकात जो आवाज पुन्हा मैफलीत आला तो वेगळाच होता. छोट्या तानांचा, तुटक श्वासांचा, माळव्याच्या लोकगीतांनी भरलेला. लहानपणीचाच कुमार हवा म्हणून श्रोते अडून बसले असते तर आपण केवढ्या गाण्याला मुकलो असतो! विरोध करणारे होतेच, पण ऐकणारेही होते. त्या ऐकणाऱ्यांचं मोल मला कुमारांच्या प्रतिभेइतकंच मोठं वाटतं.

आमच्या कॉलनीतल्या गणेशोत्सवात दर वर्षी गाण्याची स्पर्धा होते. मी तिथे बरीच वर्षं मदतीला असतो. पूर्वी पेटीवर आणि तबल्यावर साथ असायची. आता पोरं मोबाइलवर कराओकेचा ट्रॅक घेऊन येतात, ब्लूटूथने स्पीकरला जोडतात आणि गातात. मागच्या खेपेला नववीतला एक मुलगा आला. दोन वर्षांपूर्वी याच मंचावर त्याने पहिला नंबर काढला होता आणि लोकांनी त्याच गाण्याचा आग्रह धरला. ट्रॅक मूळ गायिकेच्या पट्टीतला, बहुतेक काळी चारचा. दोन वर्षांत पोराचा आवाज फुटलेला. मुखडा त्याने कसाबसा ओढला, अंतऱ्याला वरचा षड्ज आला तशा गळ्याच्या शिरा ताणल्या, आवाज चिरकला, पुढच्या रांगेतली पोरं हसली. त्याने माइक खाली ठेवला नाही, शेवटपर्यंत गायला, पण मान वर केली नाही. आमचे जुने पेटीवाले काका खुर्चीवरून उठून माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "अहो, काळी एकमध्ये घेतलं असतं तर पोरगं काय गायलं असतं!" पेटीवाला गळा ऐकतो आणि पट्टी उतरवतो. गाणाऱ्याला सांगावंही लागत नाही. ट्रॅकला गळा ऐकू येत नाही.

मुलग्यांचा आवाज साधारण बारा ते पंधरा वर्षांच्या दरम्यान उतरतो. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि स्वर जवळजवळ एका सप्तकाने खाली येतो. ही वाढ आहे, दोष नाही. जाणते गुरू या काळात मुलांना वरच्या पट्टीत ओरडू देत नाहीत, खर्ज लावून घेतात, थोडा काळ गाणं कमी करतात. स्पर्धांच्या वेळापत्रकात हा थोडा काळ कुठेच बसत नाही.

अभिजीत सावंतकडे परत येतो. २०१३ मध्ये 'मंगलाष्टक वन्स मोअर' या मराठी चित्रपटात बेला शेंडेबरोबर त्याने निलेश मोहरीर यांचं 'सर सुखाची श्रावणी' गायलं. मला त्याचं ते सगळ्यात चांगलं गाणं वाटतं. त्यात २००५ चा आयडॉल कुठेच नाही. आवाज भरलेला, थोडा जड झालेला, शब्दांवर सावकाश थांबणारा. आमच्याकडच्या लग्नांत हळदीच्या संध्याकाळी ते अजून लागतं, आणि गाणारा कोण हे लावणाऱ्याला पुष्कळदा ठाऊक नसतं. त्याच्या तिशीला मिळालेलं हे गाणं लोकांनी कुठलंही मत न पाठवता आपलं केलं. असं आणखी दहा वेळा व्हायला हवं होतं. ते झालं नाही, कारण विजेत्याला आणखी एक स्पर्धा द्यायला वाहिन्या तयार असतात, पण दहा नवी मराठी गाणी बांधून द्यायला कुणी पैसे गुंतवत नाही.

ते पैसे घालणारे आपल्याच भागात बसले आहेत. इंदापूर-बारामतीत साखर कारखाने आहेत, दूध संघ आहेत, मोठमोठी मंडळं आहेत, यात्रा-जत्रांना लाखांच्या सुपाऱ्या दिल्या जातात. त्यातल्या एका कार्यक्रमाला दहा-पंधरा वर्षांपूर्वी गाजलेल्या एका गायकाला बोलवावं, जिवंत साथ द्यावी आणि आधीच कळवावं की तुमची नवी चार गाणी ऐकायची आहेत. सूरजसारख्या पोराकडूनही रोज तेच हातवारे आणि तेच शब्द मागू नयेत. आमच्या मंडळापुरतं आम्ही यंदा ठरवलं आहे: पेटी आणि तबला पुन्हा बसवायचे, ट्रॅक बंद, आणि पंधरा ते अठरा वयाच्या मुलांचा वेगळा गट, ज्यात क्रमांक काढायचे नाहीत. त्या नववीतल्या मुलाच्या घरी काका स्वतः जाऊन आले. तो सध्या खर्ज लावतोय.