फासा पडल्यानंतर

चि. मिहिर,


तू सरळ विचारलंस, म्हणून सरळच सांगतो. डंजन्स अँड ड्रॅगन्सचा खेळ तू डंजन मास्टर म्हणून चालवत होतास; पडद्याआड गॉब्लिनच्या हल्ल्याच्या फाशावर 20 आला आणि तू "हुकला" म्हणालास, ते मला पटलेलं नाही. पहिल्यांदाच खेळायला आलेल्या मैत्रिणीचा विझर्ड मरू नये, एवढाच तुझा हेतू होता हे मला कळतं. कपटाचे फासे म्हटले की आपल्याला शकुनी आठवतो. पण तो जिंकण्यासाठी फसवत होता. डंजन मास्टर मायेपोटी फसवतो, आणि म्हणूनच त्याला ती फसवणूक वाटत नाही.

पुस्तकांचा तुला आधार आहे, हे खरं. डंजन्स अँड ड्रॅगन्स 1974 साली आला आणि 1979च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये गॅरी गायगॅक्सने फाशाचा निकाल बाजूला ठेवायचा अधिकार मास्टरला दिला. पण त्याचं म्हणणं पुरतं वाच. खेळाडूने सगळी काळजी घेतली आणि केवळ नशीब फिरलं, तर जीव वाचव, पण बदल्यात काहीतरी किंमत घे. मूर्खपणा केला असेल तर फासा म्हणेल तेच होऊ दे. 2014च्या गाइडमध्ये सल्ला आहे की लागोपाठ दोन क्रिटिकल हिटनी कॅरेक्टर मरत असेल, तर दुसरा साधा घाव करावा किंवा हुकवावा. मात्र हे वरचेवर करू नये आणि खेळाडूंना कळू देऊ नये. हे शेवटचं मला खटकतं. जे मित्रांपासून लपवल्याशिवाय चालतच नाही, ते त्यांच्या भल्याचं कसं?

आता तुझ्याच प्रसंगाचा हिशेब कर. पाचव्या आवृत्तीतला पहिल्या लेव्हलचा विझर्ड, 8 हिट पॉइंट. गॉब्लिनच्या तलवारीचा क्रिट, म्हणजे 20 पडल्यावरचा क्रिटिकल हिट, सहा बाजूंचे दोन फासे अधिक 2. छत्तीसपैकी 26 वेळा विझर्ड आडवा होतो. पण जागच्या जागी मरायला एकाच घावात 16 लागतात, आणि या क्रिटचा कमाल आकडाच 14! म्हणजे त्या घावाने तो मरणार नव्हताच. शून्यावर पडून डेथ सेव्ह टाकत राहिला असता: 10 किंवा वर आला तर यश, तीन अपयशं झाली की मरण. तेवढ्यात क्लेरिक मंत्र घेऊन धावला असता, कुणी जखम बांधली असती, कुणी गॉब्लिनला अंगावर घेतलं असतं. सगळ्या टेबलाने श्वास रोखून एकीला वाचवायचं, यासाठीच तर हा खेळ खेळतात. तिचा जीव तू वाचवला नाहीस रे, बाकीच्यांची तिला वाचवायची संधी घेतलीस.

दया जरूर कर, पण फासा टाकण्याआधी. गॉब्लिन कमी ठेव. त्यांना जीव घ्यायचा नाही, कैदी हवेत, असं ठरव. "पहिल्या मोहिमेत कुणी मरणार नाही" असं सगळ्यांना आधीच सांगितलंस तरी माझी हरकत नाही. आणि एखादा निकाल सोसणारच नसेल तर तिथे रोल मागूच नकोस. ल्यूक क्रेनच्या बर्निंग व्हील या खेळात नियमच आहे की परिस्थिती खरोखर बदलेपर्यंत एकदा पडलेला निकाल कायम. 2010च्या अपोकॅलिप्स वर्ल्डमध्ये तर मास्टर फासे टाकतच नाही, ते फक्त खेळाडूंच्या हाती. एका वाईट रोलने गोष्ट बिघडते, असं काही जण म्हणतात. गोष्ट आधीच ठरली असेल तर फासे आणलेच कशाला?

खोट्याचं आणखी एक आहे. पुढे कधी तिने खरोखर 20 टाकून ड्रॅगन पाडला, तर त्या विजयावरही तिला शंका येईल. उघड टाकलेल्या रोलवर अशी शंका येत नाही.

तेव्हा पुढच्या सेशनला पडदा बाजूला काढ आणि हल्ल्याचे सगळे रोल टेबलाच्या मधोमध टाक. त्याआधी मैत्रिणीला त्या 20बद्दल सांग.

तुझा,
नानाकाका