ओझ्याला हात

हिंगोलीच्या मोंढ्यात उन्हाळा म्हणजे हळदीचा हंगाम. गाड्या येतात, पोती उतरतात, तोलून थप्पीला लागतात. हे सारं हमालाच्या पाठीवर चालतं. २०१८ आणि २०१९ साली रमजान मे-जूनच्या उन्हात आला होता. रोजा ठेवून पोतं उचलणारा हमाल आणि रोजा ठेवून गादीवर बसलेला शेठ, दोघांची तहान अल्लाहच्या दरबारी सारखी. ओझं मात्र सारखं नव्हतं.

अशा वेळी मालकानं कसं वागावं? आपण चटकन म्हणतो, प्रेमानं बोलावं. पण हमाली मिळते पोत्यामागे. ‘भाई, जरा आराम कर’ असं म्हणणं मालकाला फुकट पडतं. त्या आरामाची किंमत हमालाचं घर मोजतं. मजुरी न कापता काम सकाळ-संध्याकाळवर नेलं, तरच त्या शब्दांना अर्थ.

प्रेषितांची शिकवण आपण सारे जाणतो: हाताखालची माणसं तुमचे भाऊ आहेत, आपण खातो ते त्यांना द्या, झेपणार नाही असं काम लादू नका, लादलंच तर स्वतः हात लावा. शेवटची अट आपण सोयीस्कर विसरतो. खंदकाच्या लढाईत, इ.स. ६२७ मध्ये, प्रेषित स्वतः माती वाहत होते. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं ‘कष्टाची भाकर’ सुरू केली, तीही कष्टकऱ्याला स्वस्तात पोटभर मिळावं म्हणूनच.

मग दयाच पुरेशी आहे का? नाही. केवळ दयेवर सोडलं तर हक्काची खैरात होते. शेठचा मूड गेला की तीही बंद. म्हणून १९६९ चा माथाडी कायदा हवा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ साली एका माणसानं वाहायच्या ओझ्याला ५५ किलोंची मर्यादा सुचवली, तीही हवी. पण आज कुणाची कंबर धरली आहे, कुणाचं पोर तापानं फणफणलं आहे, हे कायद्याला दिसत नाही. ते शेजारी उभ्या असलेल्या मालकाला, मुकादमाला दिसतं. दिसूनही तो गप्प राहिला, तर माणूस पाठीनं आणि मनानं दोन्हीकडून खचतो.

जकातीचा हिशोब आपण पैशापर्यंत करतो. तसाच एकदा हमालीचाही करू या. राहिलेली मजुरी ईदच्या आधी त्याच्या हातावर ठेवू या, आणि ती देताना उपकार केल्यासारखा चेहरा करू नये.