तालपुटाचे अश्रू

उपासक-उपासिकांनो,

मरणाचा विचार मनात शिरला, की माणूस आपल्या जन्माचा हिशेब मांडू लागतो. काय कमावले? मागे काय ठेवून चाललो? असाच हिशेब घेऊन एक नट तथागतांकडे आला होता. त्याची हकीकत संयुत्तनिकायात आहे.

त्याचे नाव तालपुट. तो नटांच्या फडाचा म्होरक्या होता. भगवान राजगृहाच्या वेळुवनात असताना त्याने विचारले, "रंगमंचावर खऱ्याखोट्याने लोकांना हसवणारा नट मेल्यावर हसऱ्या देवांच्या लोकी जातो, असे जुने नटाचार्य सांगत आले. आपले मत काय?" भगवंतांनी दोनदा सांगितले, हे विचारू नकोस. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी उत्तर दिले. लोकांच्या मनात लोभ, द्वेष आणि मोह आधीच असतात. नट त्यांत भर घालतो. स्वतः धुंद होतो, इतरांनाही धुंद करतो. त्याची गती स्वर्ग नव्हे, नरक होय.

तालपुट रडू लागला. पण तो नरकाच्या भीतीने रडला नाही. जुन्या नटाचार्यांनी आपल्याला दीर्घकाळ फसवले, याचे त्याला रडू आले.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आम्ही स्वर्ग-नरक मागे टाकून आलो. मग ही गोष्ट आम्हाला कशाला?" बुद्धवचन बुद्धीच्या कसोटीवर घासून घ्यावे, हे बाबासाहेबांनीच आपल्याला शिकवले. म्हणून स्वर्ग-नरक क्षणभर बाजूला ठेवा. उरते काय? एक कसोटी उरते. माझ्या कामाने लोकांच्या मनातील लोभ, द्वेष, मोह वाढला की घटला? माणसाचा वारसा टाळ्यांवरून ठरत नाही, यावरून ठरतो.

ही कसोटी कलेच्या विरुद्ध नाही. आपल्या कितीतरी वडीलधाऱ्यांची हयात तमाशाच्या फडात गेली. 1930च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी तीच ढोलकी हाती घेतली आणि गावोगाव शिक्षणाचा, स्वाभिमानाचा संदेश नेला. वाद्य तेच होते, काम पालटले.

तालपुटाचेही तसेच झाले. तो भिक्षू झाला, अर्हत झाला. थेरगाथेत त्याच्या 55 गाथा आहेत. हजारोंपुढे बोलणारा तो नट त्यांत स्वतःच्या मनाशीच बोलतो. मनाला जाब विचारतो, दटावतो. त्याची वाणी वाया गेली नाही, फक्त तिचा श्रोता बदलला. त्याने हसवलेले प्रेक्षक कधीच गेले, गाथा मात्र आजही वाचल्या जातात.

आपल्या घरातही एखादी म्हातारी आजी म्हणते, "माझा जन्म देवदेवस्कीत गेला, आता या वयात काय बदलायचे?" तरुणांनो, तिला हसू नका. ती अपराधी नाही, फसवली गेलेली आहे. तिच्याजवळ बसा आणि तालपुटाची गोष्ट सांगा. फसवणूक ओळखली त्या दिवशी त्याचे गेलेले दिवस परत आले नाहीत. पण उरलेले दिवस त्याचे स्वतःचे झाले.

आणि आपण? म्हातारपणाची वाट कशाला पाहायची? आज रात्री दिवा मालवण्यापूर्वी एकच विचारा: आज माझ्या बोलण्याने, माझ्या वागण्याने घरात काय वाढले?

नमो बुद्धाय. जयभीम.