मृगाची वाट आणि चढणीचा मासा

डोंगरावरचे बर्फ वितळले की नद्यांना पाणी येईल आणि गळ टाकता येईल, ही वाट हिमालयात किंवा युरोपच्या पहाडी मुलुखात पाहिली जाते. परभणी जिल्ह्यातील बोरी परिसरात मात्र करपरा नदीच्या कोरड्या पात्राकडे पाहणारा मृग नक्षत्राचे, म्हणजे सूर्य ७ जूनच्या सुमारास ज्यात प्रवेश करतो आणि ज्याला बोलीत 'मिरग' म्हणतात त्याचे, दिवस मोजतो. करपराच काय, अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावणारी पूर्णा आणि तिला पोटात घेणारी गोदावरीही पावसाच्याच पाण्यावर जगतात. या पाण्याची वाट शेतकरी पेरणीसाठी पाहतो आणि मासेमार चढणीच्या माशासाठी, म्हणजे पहिल्या लोंढ्याला सामोरा जाऊन अंडी घालण्यासाठी वर चढणाऱ्या माशासाठी. पहिली प्रतीक्षा पुण्याची आणि दुसरी पापाची, असे सहज धरले जाते. ते इतके सहज धरता येईल काय, हा प्रश्न आहे.

महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा मांसविक्रेता धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला सांगतो की नांगराच्या फाळाखालीही असंख्य जीव मरतात आणि हिंसेवाचून कोणाचेच जगणे चालत नाही. हा दाखला मासेमारीच्या समर्थनार्थ पुढे करणारे एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात, ती ही की धर्मव्याध स्वतः प्राणी मारत नाही आणि मांसही खात नाही.

अधिक नेमके उत्तर जैन विचारात सापडते, आणि त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही, कारण बोरी ज्या तालुक्यात आहे त्याच जिंतूरजवळ नेमगिरीचे तीर्थ आहे. ज्या तीर्थंकर नेमिनाथांवरून या टेकडीला नाव मिळाले ते, विवाहाच्या मेजवानीसाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून, वरातीतूनच विरक्त होऊन परतले अशी परंपरा आहे. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना केवळ प्राण जाणे पुरेसे मानलेले नाही. तो 'प्रमत्त योगा'ने, म्हणजे वासनेच्या किंवा बेफिकिरीच्या आहारी गेलेल्या काया-वाचा-मनाच्या व्यापाराने, गेला पाहिजे. या परंपरेत मासेमारी श्रावकाला, म्हणजे जैन गृहस्थाला, वर्ज्यच आहे, त्यामुळे ही व्याख्या मासेमाराला सूट देत नाही. पण ती लक्ष जाळ्यावरून मनाकडे, आणि म्हणून प्रतीक्षेच्या काळाकडे वळवते. या कसोटीवर पिसांची खोटी माशी गळाला बांधून ट्राउट माशाला फसवणारा हौशी मनुष्य पोटासाठी जाळे टाकणाऱ्यापेक्षा अधिक अडचणीत येतो, मग त्याने मासा पुन्हा पाण्यात सोडला तरी, कारण त्याला भूकही नाही आणि त्याची सुरुवातच असत्यापासून आहे.

पावसात थांबण्याची कल्पना या भूमीला नवी नाही. जैन साधू आणि बौद्ध भिक्षू वर्षावास पाळतात, म्हणजे पावसाळ्यात भ्रमण थांबवून एका जागी राहतात, आणि त्यामागे व्रताइतकेच एक साधे निरीक्षण आहे: ओल्या जमिनीवर तेव्हा इतके जीव उपजलेले असतात की चालणाऱ्याच्या पायाखाली ते येणारच. आषाढी ते कार्तिकी एकादशीच्या चातुर्मासात अनेक वारकरी घरे विशेष नियम धरतात, आणि कोकण किनाऱ्यावर नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या समुद्रात न लोटण्याचा रिवाज आहे. तेव्हा मासेमाराच्या प्रतीक्षेचे मोल ती माशासाठी आहे की माशाच्या वेळेसाठी, यावर ठरते. पहिली नुसती आशा, दुसरी संयम. अंडी घालून होईपर्यंत जाळे कोरडे ठेवणारा, त्याला ठाऊक असो वा नसो, साधूच्याच व्रताचा एक अंश पाळतो; पहिल्या लोंढ्यालाच पोटुशी मासोळी गाठणारा मात्र धर्मव्याधाचे नाव घेण्याचा अधिकार गमावतो.

आणि अंडी घालून झाली की माशाची वेळ संपतेच असे नाही; मरळ मासा तर अंडी घालून निघून जात नाही. त्यांतून बाहेर पडलेल्या पिल्लांचा थवा पाण्याच्या पृष्ठभागाजवळ फिरत असतो, आणि नरमादी त्याच्या खाली राखण करीत असतात.