कधीपासून असा आहे?

डॉक्टरांनी विचारलं, "हा असा कधीपासून आहे?" आणि त्याची आई माझ्याकडे बघायला लागली.

मी त्याची चौथीची बाई. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या शाळांवर एकतीस वर्षं काढली, त्यातली काही मंचर-घोडेगाव पट्ट्यातल्या त्याच्या गावात. 2023च्या दिवाळीनंतर त्याची आई घरी आली. म्हणाली, "बाई, पुण्याला न्यायचंय त्याला. तुम्ही चला. मला डॉक्टरपुढं नीट सांगता येत नाही." मग आम्ही तिघं एसटीनं गेलो. तो बावीस वर्षांचा दाढी राखलेला मुलगा खिडकीशी बसून सगळा रस्ता बोलत होता.

आईनं पिशवीतून कागद काढले. रेशनकार्ड, आधार, मंचरच्या दवाखान्यातल्या चिठ्ठ्या आणि दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली प्रगतिपुस्तकं. पहिलीपासूनची सगळी. तिला कुणी आणायला सांगितलं नव्हतं. मुलाचे कागद म्हणून तिनं सगळेच आणले. डॉक्टरांनी चौथीचं उघडलं. त्या वर्षी वर्णनात्मक नोंदींची पद्धत नवी आली होती. 'सुधारणा आवश्यक' या रकान्यात माझं अक्षर: "एका जागी स्थिर बसावे. काम अर्धवट सोडू नये. वस्तू हरवू नयेत."

त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, मुलाचं वय मोजलं आणि म्हणाले, "नऊ वर्षांचा होता. म्हणजे हे जुनं आहे. आता या चार महिन्यांतलं सांगा."

पुढचं वर्षभर हेच माझ्या डोक्यात घोळत राहिलं. त्या मुलाला दोन आजार आहेत. एक एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता. दुसरा बायपोलर, म्हणजे मनाची तेजी आणि मंदी. दोन्ही वरवर पाहिले तर जुळ्या भावांसारखे. बडबड, एका कामातून दुसऱ्यात उडी, हातात पैसा न टिकणं, समोरच्याचं वाक्य पुरं होऊ न देणं, पायाला भिंगरी. नुसती लक्षणं मोजत बसलं तर एकाची यादी दुसऱ्याला लागू पडते. वेगळेपण आहे ते काळात. एडीएचडी लहानपणापासून असते, रोज असते, बारा महिने असते. बारा वर्षांच्या आत तिची लक्षणं दिसलेली असावीत असा निदानाचा निकषच आहे. बायपोलर बहुधा विशीच्या आगेमागे उगवतो, काही दिवस किंवा महिने धुमाकूळ घालतो आणि ओसरतो.

आमच्या भागात हे समजायला अवघड जाऊ नये. कुकडीच्या कालव्याला पाणी आवर्तनानं येतं. सुटलं की चाऱ्या भरून वाहतात, बंद झालं की तळातली माती उघडी पडते. बायपोलर तसा. एडीएचडी नाणेघाटातल्या वाऱ्यासारखी. कधीही जा, वारा आहेच. खरी फसगत होते ती दोन्ही एकाच माणसात असतात तेव्हा. आवर्तन संपतं, पण वारा चालूच राहतो. घरचे म्हणतात, अजून बरा कुठं झालाय? डॉक्टरलाही वाटू शकतं की तेजी पुरती उतरलेली नाही, आणि गोळ्या वाढतात. याच्या उलटही होतं: लहानपणापासून चळवळ्याच आहे म्हणून तेजी आली तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

ही जोडी दुर्मीळ नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात बायपोलरच्या पहिल्या हजार रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा साडेनऊ टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी एडीएचडीही असल्याचं दिसलं. 2005 साली ते प्रसिद्ध झालं. अशा लोकांत मनाचा आजार साधारण पाच वर्षं आधी सुरू झाला होता आणि बरं असण्याचे मधले काळ आखूड होते. दोन्ही आजार घराण्यात उतरतात, हेही आता पक्कं माहीत आहे. परतीच्या एसटीत मुलाला डुलकी लागल्यावर त्याची आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "सासराही असाच होता. पण बाई, हे कुणाला बोलू नका, पोरीचं लग्न व्हायचंय." डॉक्टरांपुढे ती हे बोलली नव्हती. पुढच्या खेपेला मी तिला बोलायला लावलं.

मुलाची तेजी आली होती 2023च्या जुलैत. तो महिना इकडच्या माणसाला वेगळा सांगायला नको. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं वीस किलोचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलं होतं. कालपर्यंत सोसायटीच्या कर्जात असलेली माणसं लाखांची भाषा बोलत होती. अशा दिवसांत या मुलानं खंडानं चार एकर घेतलं, दोन पिकअप ठरवल्या, दुबईला माल पाठवायचा म्हणून रात्री दोन वाजता लोकांना फोन लावले. बाप खूश होता, पोरगं एकदाचं कामाला लागलं म्हणून. अख्खा बाजारच तेजीत असताना एका मुलाची तेजी कुणाला वेगळी दिसणार? सप्टेंबरात भाव कोसळले, तोही कोसळला, आणि गावानं कारण ठरवून टाकलं: नुकसान झालं, खचला.

खूण होती, पण ती बाजारात नव्हती, अंथरुणात होती. जुलैत तो रात्री दोन-तीन तास झोपायचा आणि सकाळी ताजातवाना असायचा. चंचल मुलालाही झोप लवकर लागत नाही, पण न झोपता तो दुसऱ्या दिवशी पेंगतो, चिडतो. झोपेची गरजच उरत नाही आणि थकवाही येत नाही, तेव्हा समजावं की हे नेहमीचं नाही. आईला हे ठाऊक होतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

मंदीत तो पडून राहिला तेव्हा एका डॉक्टरांनी नैराश्याची गोळी दिली. तीन आठवड्यांत तो उठला, आणि असा उठला की पहाटे तीनला शेजाऱ्याचा ट्रॅक्टर धूत होता. बायपोलरमध्ये नुसती नैराश्याची गोळी दिली तर माणूस एकदम दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. त्याआधी एका देवऋष्याकडेही नेलं होतं. त्या माऊलीला त्यावरून बोलायला माझी जीभ रेटत नाही. तो देवऋषी तिच्याशी दोन तास बोलला होता. कधीपासून, कुठल्या महिन्यात, घरात तेव्हा काय चाललं होतं, सगळं त्यानं विचारलं. उत्तर चुकीचं दिलं, पण प्रश्न तेच होते जे दवाखान्यात विचारायला हवेत आणि गर्दीत विचारले जात नाहीत.

माझ्या त्या नोंदीकडे परत येते. बसावे, नये, नयेत. मी मुलाचं वर्णन लिहिलंच नव्हतं, त्याला हुकूम सोडले होते. जणू त्याच्या हातात होतं आणि तो मुद्दाम करत नव्हता. तेव्हा मी लिहायला हवं होतं की दर पाच मिनिटांनी उठतो, दप्तर शाळेत विसरून घरी जातो, पण शाळेचा बंद पडलेला रेडिओ खोलून सबंध दुपार जागचा हलला नाही. हे मला आजही लख्ख आठवतं. लिहिलं मात्र नाही. ते 'सुधारणा'त बसत नव्हतं. आपली भाषाच अशी आहे. चळवळ्या, द्वाड, उनाड, लहरी, आरंभशूर. या प्रत्येक शब्दात निरीक्षण थोडं आणि निकाल जास्त. आरंभशूर म्हटलं की मुलाचा निकाल लागला. आरंभ आणि शेवट यांच्यामध्ये त्याच्या डोक्यात काय होतं, हे कुणी विचारत नाही.

मुलींचं तर त्याहून वाईट. त्या उठून पळत नाहीत, म्हणून त्यांची नोंदच होत नाही. खिडकीबाहेर बघत राहणारी, तीनदा सांगितलं तरी भलतंच पान उघडणारी मुलगी वेंधळी ठरते, आणि प्रगतिपुस्तकात 'शांत स्वभाव' असं लिहून आम्ही पान उलटतो. अशा किती जणींबद्दल मी ते दोन शब्द लिहिले असतील! त्यांपैकी एखादी उद्या डॉक्टरपुढे बसली, तर तिच्या पिशवीत काहीच पुरावा नसेल.

उपचारात क्रम महत्त्वाचा, असं डॉक्टरांनी आम्हाला समजावलं. आधी मन स्थिर करायचं, लक्षाची गोळी मागून. स्वीडनमध्ये बायपोलर असलेल्या तेवीसशेहून जास्त लोकांच्या नोंदी पाहिल्या गेल्या, 2017 साली ते छापून आलं. लक्षासाठी दिलं जाणारं मेथिलफेनिडेट ज्यांनी मन स्थिर ठेवणाऱ्या औषधाशिवाय सुरू केलं, त्यांच्यात पहिल्या तीन महिन्यांत तेजीचा धोका कितीतरी पटींनी वाढला. ज्यांचं ते औषध आधीपासून चालू होतं, त्यांच्यात तसा वाढला नाही. बांध घातल्याशिवाय पाणी सोडू नये, हे शेतकऱ्याच्या बायकोला दोनदा सांगावं लागलं नाही.

मन स्थिर करायला त्याला लिथियम सुरू झालं. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी 1949 साली त्याचा उपयोग जगापुढे आणला. तसं ते म्हणजे एक साधा क्षारच आहे. पण शहरातल्या माणसाला दिलेलं लिथियम आणि वैशाखात कांदा काढणाऱ्याला दिलेलं लिथियम यांत फरक पडतो. घामानं अंगातलं पाणी नि मीठ कमी झालं की रक्तात त्याचं प्रमाण चढतं आणि ते विषारी ठरू शकतं. अंगदुखीच्या काही गोळ्यांनीही तसंच होतं, आणि त्या गोळ्या इकडे शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या जातात. म्हणून ठरावीक काळानं रक्त तपासायचं, भरपूर पाणी प्यायचं, निर्जळी उपवास करायचा नाही. आईनं त्याच्या वाटचे उपवास स्वतःकडे घेतले.

सगळ्यात अवघड झालं ते झोपेचं. जागरण हे तेजीचं एक ठरलेलं निमित्त. आणि आमच्याकडे तेव्हा शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असायची. रात्रीच्या पाळीला उसात बिबट्या असला तरी दारं धरायला जावंच लागायचं, आणि घरातून जायचं कुणी, तर तरण्या पोरानं. दिवसा वीज द्या ही मागणी इथले लोक बिबट्यामुळे वर्षानुवर्षं करत आले होते. त्या मागणीत या मुलाच्या झोपेचाही वाटा आहे, असं मी ग्रामसभेत उठून बोलले. काही माणसं हसली. त्याचा चुलता मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आला आणि म्हणाला, रात्रीची पाळी मी धरतो, त्यानं दिवसा माझ्या गोठ्यातलं बघावं. तेव्हापासून तसंच चाललंय.

मन सात-आठ महिने एका पातळीवर राहिलं, तेव्हा डॉक्टरांनी लक्षासाठीची गोळी लहान मात्रेत सुरू केली. आता तो मोटारी भरायला शिकतोय. जळालेल्या पंपाचं वायंडिंग करताना तीन-तीन तास मान वर करत नाही.

त्यांच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं आहे. तारखेच्या चौकोनात आई रोज डेअरीला घातलेलं दूध लिहिते, आणि त्याखाली बारीक अक्षरात आणखी एक आकडा. मागच्या आठवड्यात गेले, तेव्हा तिनं चूल सोडून मला भिंतीपाशी नेलं आणि बोट ठेवत वाचून दाखवलं. सोमवार, दूध साडेआठ, झोप सात. मंगळवार, दूध आठ, झोप सात. बुधवार, दूध नऊ, झोप पाच. बुधवारवर तिचं बोट थांबलं. "आज पण पाच भरली तर फोन करते डॉक्टरला," ती म्हणाली, आणि भाकरी करपायच्या आत चुलीकडे वळली.