सील नवे, बेअरिंग नवे. गाडी तीच का?

प्रीमियर पद्मिनीसारखी जुनी गाडी रॅम्पवर चढवली की मागच्या ॲक्सलच्या मधोमध डिफरन्शियलचा गोळा दिसतो. इंजिनाची ताकद प्रॉपेलर शाफ्टमधून इथे पिनियनपर्यंत येते, काटकोनात वळते आणि क्राऊन व्हीलमार्फत दोन्ही चाकांना मिळते. पिनियन जिथून बाहेर डोकावतो तिथले ऑइल सील उष्णतेने कडक होते, तेल पाझरू लागते. तेलाची पातळी उतरली की बेअरिंग झिजतात आणि ठरावीक वेगाला मागून घरघर सुरू होते. मिस्त्री सील आणि बेअरिंग नवी बसवतो. इथेच तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न उभा राहतो: भाग बदलत गेले तर वस्तू तीच राहते का? माझ्या मते राहते, कारण तिचे ‘तीच असणे’ द्रव्यात नसून भागांच्या आपसांतल्या मेळात असते. आणि हा मेळ कुणीतरी राखावा लागतो.

‘मिलिंदपञ्हा’ या बौद्ध ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, की आस म्हणजे रथ का, चाक म्हणजे रथ का? प्रत्येक वेळी राजा नकार देतो आणि अखेर कबूल करतो, की या भागांच्या आधारे चालणारे ‘रथ’ हे केवळ व्यवहारातले नाव आहे. कोणताही एक भाग म्हणजे रथ नव्हे, हे खरेच. पण बाकी उरते ते नुसते नाव, हे गॅरेजमध्ये टिकत नाही. क्राऊन आणि पिनियनच्या दातांमधली मोकळीक मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास ठेवावी लागते. मिस्त्री शिम म्हणजे पातळ चकत्या घालतो, दातांना रंग लावून क्राऊन फिरवतो आणि डाग दाताच्या मधोमध उमटला की कडेला सरकला, हे निरखतो. डाग सरकलेला असेल तर गाडी ओरडणारच. जे मोजता येते आणि चुकू शकते, ते नाममात्र कसे असेल? शिवाय सगळे भाग सारखे नसतात. त्याच मापाचे बेअरिंग कुठल्याही दुकानातले चालते. क्राऊन-पिनियन मात्र एकमेकांशी जुळवून घेतलेली जोडी असते, म्हणून बदलायची तर जोडीनेच.

न्याय-वैशेषिकांचा आक्षेप कडक आहे: अवयव बदलला की जुना अवयवी, म्हणजे अख्खी वस्तू, नष्ट होतो, नवा उत्पन्न होतो, ‘तीच गाडी’ हा साम्याने होणारा भ्रम. पण कालच बसवलेले सील आज गळते तेव्हा मिस्त्री सील ज्यावर टेकते त्या फ्लँजवर नख फिरवतो आणि जुन्या सीलच्या ओठाने वर्षानुवर्षे कोरलेली खाच त्याला लागते. कोऱ्या भागालाही जुना इतिहास भोवतो. गाडी कालच जन्मली असे मानले तर या गळतीचे निदानच होणार नाही. दुसरा आक्षेप इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जचा: एखाद्या जहाजाच्या फळ्या एकेक करून बदलल्या आणि काढलेल्या जुन्या फळ्या जोडून दुसरे जहाज बांधले तर मूळचे कोणते? इथे उत्तर सोपे आहे. कडक रबर आणि खड्डे पडलेले बेअरिंग काढले, ते मेळ धरेनात म्हणूनच. उद्या कुणी चालण्याजोगे जुने भाग जमवून गाडी उभी केलीच, तरी अखंड मेळ पहिलीतच राहिलेला असतो. मग सगळेच भाग बदलले तर? एकेक बदलला तर प्रत्येक नवा भाग उरलेल्यांशी जुळवला जातो आणि गाडी तीच राहते. सगळे एकदम बदलले, तर जुळवायला जुने काहीच उरत नाही. ती गाडी नवी, हे मला मान्य आहे.

जुनी वस्त्रे टाकून नवी धारण करणाऱ्या आत्म्याची कल्पना आपल्या अंगवळणी पडली आहे, म्हणून गाडीतही एखादा अविकारी गाभा शोधावासा वाटतो. चेसिस नंबर आरटीओला पुरतो. पण गंजून ठप्प झालेल्या सांगाड्यावरही तो नंबर असतोच. मी आत्म्याविषयी निवाडा देत नाही. घडवलेल्या वस्तूंपुरते, आणि माणसांनी घडवलेल्या परंपरांपुरते, एवढे नक्की म्हणेन: मूळ भागांना हात न लावणे म्हणजे त्या जपणे नव्हे. वर्षानुवर्षे उभ्या गाडीचे सील तेलाच्या स्पर्शाविना सुकते आणि ‘सगळे अस्सल’ असूनही ती चालेनाशी होते. काय काढायचे, काय जोडीनेच राखायचे आणि नवे जुन्याशी किती बारकाईने जुळवायचे, हे ओळखणारा माणूसच तिला तीच ठेवतो.